मेघिलाची पाण्याची पाळी

फार पूर्वी, रेणुपुरावर राजा उग्रदत्ताची सत्ता असताना, बोधिसत्त्व मेघिल नावाच्या धनिकाच्या पोटी जन्मला. त्याचे नाव सोमिल.

रेणुपुरात शेतीला पाणी देणारा एकच पाट होता. प्रत्येक घराची पाण्याची पाळी ठरलेली. बापामागे ती मुलाबाळांत वाटली जाई. म्हणून मोठ्या पाळीची घरे एका अपत्यावर थांबत. मजुरांच्या घरी मात्र पोरांचे लेंढार. तिथे वाटण्यासारखे काही नव्हते, आणि येणारे प्रत्येक पोर दोन हात घेऊन येई. मेघिलाकडे तीन पिढ्या एकाला एकच. चुकून दुसरे झालेच, तर नदीपलीकडच्या निपुत्रिक कोळ्याला देत आणि वर त्याला दान म्हणत!

सोमिलाला एक मुलगा होता. त्याच्या पाठीवर चार वर्षांनी सोमिलाची पत्नी कंचना हिला मुलगी झाली.

"बारसं करू नका," मेघिल म्हणाला. "उद्या कोळी येईल."

"बाबा, ती इथेच राहील."

"मग तू राहायचं नाहीस. पाळीचे तुकडे मला बघवणार नाहीत."

त्याच दुपारी सोमिल बायकोमुलांसह बाहेर पडला आणि मजुरीने पाटातला गाळ उपसू लागला. मेघिलाने दोनदा निरोप धाडला, "पोरगी देऊन टाक आणि परत ये." दुसऱ्या वेळी घरात दाणा नव्हता, मुलगा तापाने फणफणला होता. कंचना त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. तरी सोमिल निरोप्याला म्हणाला, "आम्ही चौघं आहोत. बाबांना सांगा, आता तीन मोजता येत नाहीत."

सातव्या वर्षी थकलेला, एकटा पडलेला मेघिल स्वतःच सोमिलाच्या झोपडीशी आला. सगळे जेवत होते. मुलगी सरकून बसली आणि आपल्या भाकरीचा अर्धा तुकडा तिने त्याच्यापुढे ठेवला.

"तुला कमी पडेल गं."

"पडू दे की. बसा तुम्ही."

म्हातारा ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी पंचांसमोर त्याने नातवंडांसाठी पाळीचे दोन सारखे भाग केले.

एवढी गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, समोर पत्नीसह बसलेल्या गृहस्थाला म्हणाले, "धाकटं मूल देऊन टाकायला निघालेल्या गृहपती, तेव्हाचा मेघिल तूच. कंचना म्हणजे तुझी ही पत्नी, आणि ती मुलगी आज हिच्या मांडीवर निजली आहे. सोमिल मी होतो. पोटाला चिमटा बसला तरी योग्य निश्चय न सोडणे, हीच अधिष्ठान पारमिता, निश्चयाची परिपूर्णता."

गृहस्थाने हात पुढे केले आणि मुलीला उचलून घेतले.