तुळाजी हमालाची कंबर

बाजाराच्या एका गावात एक भोळा हमाल राहायचा. तुळाजी त्याचं नाव. जे सांगाल ते तो तसंच करायचा, अगदी तसंच.

एकदा धान्याच्या मोंढ्यात पोतं उचलताना त्याची कंबर धरली. कामाला खाडा पडला, चूल थंडावली. बायको सगुणा म्हणाली, "अहो, शिवाप्पा हाडवैद्य आहेत, मणका कटकन बसवतात. नाक्यावर फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाई आल्यात, त्या व्यायाम देतात. दोघांना भेटा, मग काय ते ठरवा."

तुळाजी आधी हाडवैद्याकडे गेला. शिवाप्पांनी त्याला बाकावर पालथं पाडलं.

"अंग सैल सोड."

तुळाजीनं सोडलं. बाकावरून धपकन खाली आला.

"अरे, काहीतरी घट्ट धरायचं की!"

तुळाजीनं ते पक्कं डोक्यात ठेवलं.

मग तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्या चाकांच्या फिरत्या खुर्चीत बसल्या होत्या. तुळाजीनं ती खुर्ची घट्ट धरली. बाई कपाटाकडे सरकल्या, तुळाजी मागोमाग. बाई टेबलाकडे सरकल्या, तुळाजी मागोमाग.

"अहो, सोडा माझी खुर्ची!"

"सोडली तर पडेन."

बाईंनी कपाळाला हात लावला. "आज घरी जा. दुखलं तिथे गरम पाण्याच्या पिशवीनं शेका. व्यायाम उद्या."

तुळाजीनं तेही पक्कं डोक्यात ठेवलं. कंबर दुखली होती मोंढ्यात, रतनशेटच्या गोदामात. तिथे जाऊन त्यानं पिशवी फरशीवर ठेवली आणि शेकत बसला.

"काय रे हे?" शेटनी विचारलं.

"इथंच दुखलं होतं, शेट."

"अरे येड्या, जागेला काय शेकतोस? माणसाला शेक!"

समोर माणूस एकच होता. तुळाजीनं पिशवी शेटच्या पोटाला लावली. शेट गादीवरून उडाले ते थेट रस्त्यावर.

संध्याकाळी सगुणाला सगळं कळलं. ती रडकुंडीला आली. "आता एकाचंच औषध करा. ज्याची स्वतःची कंबर धड, त्याच्याकडे जा, म्हणजे झालं!"

तुळाजीनं तेही पक्कं डोक्यात ठेवलं.

सकाळी त्यानं शेजाऱ्याची एका बैलाची गाडी मागून घेतली. गड्यांकडून ज्वारीचं पोतं गाडीत टाकून घेतलं आणि हाडवैद्याच्या दारात उभा राहिला.

"शिवाप्पा, एवढं उचलून दाखवा."

शिवाप्पांना चेव आला. त्यांनी पोत्याला हात घातला. कट्!

"बसला का मणका?" तुळाजीनं विचारलं.

"निसटला!" शिवाप्पा ओरडले आणि ओट्यावर आडवे झाले.

गाडी नाक्यावर गेली. बाईंनी गुडघे वाकवले, पोतं जरासं हलवून पाहिलं आणि हात झटकले. "इतकं जड एकट्यानं उचलायचं नसतं. तुम्ही आत या, मी तपासते."

"नको बाई. तुमच्यानंही उचलवलं नाही," तुळाजी हळहळला आणि माघारी फिरला.

दुपार टळली तरी नवरा घरी येईना, म्हणून सगुणा शोधायला निघाली. शेजाऱ्याच्या गोठ्यात तुळाजी पालथा पडला होता. सदरा मानेपर्यंत वर सरकवलेला. सकाळपासून ते पोतं ओढून आलेला बैल त्याच्या उघड्या कमरेला नाक लावून उभा होता.

"अहो, हे काय चाललंय?" सगुणा किंचाळली.

तुळाजीनं तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल. तपासतायत."