टिचकीचा चावा आणि गप्प खोका

कान इकडे करा. तोंडातला घास गिळा. आता ऐका.

एक होती उंदरी. एवढीश्शी! तिचं नाव टिचकी. ती राहायची गेनूकाका सुतारांच्या कारखान्यात, भुशाच्या ढिगात. काकांनी केला होता एक लाकडी खोका. कोरा करकरीत. पुढे मोठं गोल भोक.

खोका म्हणाला, "टिचकी, उद्या मला रंग लागेल. मग काका माझ्यात स्पीकर बसवतील. मग मी गाईन, तू नाच."

टिचकी खूश झाली. पण तिचे दात शिवशिवत होते. समोर खोक्याचा कोपरा. कुर्र! एकच चावा, बरं का. पण कोपऱ्याला पडला खड्डा.

सकाळी काका आले. त्यांनी खड्डा बघितला. खोक्यावर झोपली होती मनी मांजर. काका ओरडले, "मने, तूच ओरबाडलंस! नीघ बाहेर!"

मनी बिचारी बाहेर गेली. काका डोक्याला हात लावून बसले. रंगाचा डबा तसाच राहिला. खोका गप्प. टिचकीचं गाणं गेलं.

टिचकीनं भुशातून सगळं बघितलं. पण चावा आपला, हे काही काकांना सांगितलं नाही. तिला फार वाईट वाटलं. "चुकलंच माझं," ती म्हणाली आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"रंगा रंगा, लाकडावर बस. खोका गाईना."

रंग म्हणाला, "मी नाही बसणार. मी लाकडात मुरतो, धुळीत नाही. आधी फडकं पुसेल, मग मी बसेन."

टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"फडक्या फडक्या, धूळ पूस. रंग बसेना, खोका गाईना."

फडकं म्हणालं, "मी नाही पुसणार. पुसलं की पुन्हा धूळ! आधी कागद घासेल, मग मी पुसेन."

कागद म्हणजे पॉलिशपेपर. वाघाच्या जिभेसारखा खरखरीत. टिचकी त्याच्याकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कागदा कागदा, लाकूड घास. फडकं पुसेना, रंग बसेना, खोका गाईना."

कागद म्हणाला, "मी नाही घासणार. मध्येच खड्डा आहे. आधी लांबी भरेल, मग मी घासेन."

लांबी म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा. ती बसली होती डबीत. तुरुतुरु, तुरुतुरु.

"लांबीबाई लांबीबाई, खड्डा भर. कागद घासेना, फडकं पुसेना, रंग बसेना, खोका गाईना."

लांबी म्हणाली, "मी नाही भरणार. मला का हात आहेत? आधी काका उठतील, मग मी भरेन."

टिचकी काकांच्या पायाशी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काका काका, जरा उठा. लांबी भरेना, कागद घासेना, फडकं पुसेना, रंग बसेना, खोका गाईना."

काका म्हणाले, "मी नाही उठणार. मनीला हाकललं. आता माझं मनच लागत नाही. आधी मनी घरी येईल, मग मी उठेन."

अरे देवा! मांजराकडे जायचं? तरी ती गेली. तुरु... तुरु... तुरु...

मनी कुंपणावर बसली होती. पाठ फिरवून.

"मनीमावशी मनीमावशी, घरी चल. काका उठेनात, लांबी भरेना, कागद घासेना, फडकं पुसेना, रंग बसेना, खोका गाईना."

मनी म्हणाली, "मी नाही येणार. मी काहीच केलं नव्हतं. ज्यानं केलं तो आधी कबूल करेल, मग मी येईन."

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

"मावशी, मीच चावले गं. बोलणी तू खाल्लीस. चुकलंच माझं."

मनीच्या मिशा हलल्या. "खाऊ का तुला?"

"खा. पण आधी घरी चल."

मनी तिच्याकडे बघतच राहिली. "चल," ती म्हणाली. "आज नाही खात."

आजच हं! उद्याचं उद्या.

मनी घरी आली. टिचकीनं काकांनाही सगळं सांगितलं. काका म्हणाले, "अरेरे! दातांच्या खुणा मी नीट बघितल्याच नाहीत. माझंही चुकलंच." त्यांनी मनीच्या पाठीवरून हात फिरवला. आणि उठले.

काका उठले, लांबी भरली. चप चप!
लांबी वाळली, कागदानं घासलं. खर्र खर्र!
कागदानं घासलं, फडक्यानं पुसलं. सर्र सर्र!
फडक्यानं पुसलं, रंग बसला. छप छप!

रंग वाळला. काकांनी स्पीकर बसवला. आणि खोका गायला, धुम धुम धुमाक!

मनी डोलली. काका डोलले. टिचकी मात्र नाचली नाही. का बरं?

सगळा खोका छान तपकिरी झाला होता. पण कोपऱ्यावर एक पांढरा डाग होता. चाव्याएवढा.

"काका, हा डाग जाणार नाही?"

"नाही गं. लाकडात रंग मुरतो, लांबीत मुरत नाही. तो राहणार."

टिचकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं डागावर हळूच पंजा ठेवला. आत वाजत होतं, धुम धुम धुमाक.

"दुखतं का रे?"

"आता नाही," खोका म्हणाला. "नाच ना!"

टिचकी नाचली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

ती रोज नाचते. पण आधी डागापाशी जाते, पंजा ठेवते, "चुकलं रे माझं" म्हणते. मगच नाचते.