सिदू कुंभाराचा बांध

ओढ्याकाठच्या कवठाळी गावी त्या वर्षी अलिप्तनाथ महाराजांचा चातुर्मास होता. महाराज माळावरच्या खोपीत राहत. बोलणे थोडे, हसणे फार! रोज सकाळी त्यांच्यासाठी माठ भरून नेण्याची सेवा सिदू कुंभाराकडे होती.

सिदूचे घर उताराला आणि वरच्या अंगाला गुणाजीराव देशमुखांचे दुमजली घर. दोघांच्या हद्दीवरून एक जुना चर वाहायचा. वरच्या आळीचे पावसाचे पाणी त्यातून ओढ्याला मिळायचे. गुणाजीरावांनी तो चर बुजवून त्यावर गोठा बांधला. मग पाणी सिदूच्या अंगणात शिरू लागले. नवरात्रासाठी घडवलेले निम्मे घट एका सरीत चिखल होऊन गेले.

सिदू चावडीवर जाऊन हात जोडून म्हणाला, “राव, चर तेवढा मोकळा करा.”

“पाणी उतारालाच जाणार, सिद्या! तुझ्या बुवाला सांग की, चढवून दाखवा म्हणावं वर!”

चावडी खदखदून हसली. सिदू मान खाली घालून माळावर गेला.

दुसऱ्या दिवशी महाराज स्वतः आले. हद्दीवर बसले, माती चिमटीत धरून पाहिली, मग जमिनीला कान लावून कितीतरी वेळ पडून राहिले. सिदूला राहवेना.

“काय ऐकताय, महाराज?”

“पाणी वाट विचारतंय.” महाराज उठले. “इथं कमरेएवढा बांध घाल. पण मी सांगेन तेव्हा तो तुझ्याच हातानं फोडायचा.”

फोडायचाच, तर घालायचा कशाला? सिदूने डोके खाजवले. पण गुरूची आज्ञा! बायको गंगूला घेऊन त्याने चार दिवसांत बांध उभा केला आणि पुन्हा चाकावर बसून नवे घट घडवले.

हस्ताचा पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी तर आभाळच फाटले. वरच्या आळीचे पाणी बांधाला थटले आणि मागे फिरून गुणाजीरावांच्या गोठ्यात चढू लागले. दावणीची जनावरे हंबरू लागली. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत गुणाजीरावांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. मधली मातीची भिंत ओली होऊन फुगली होती. गुणाजीराव दावी तोडत ओरडत होते, “धावा रे! भिंत बसतेय!”

महाराज भर पावसात बांधाजवळ उभे होते. “सिदू, वेळ झाली.”

गंगू आडवी झाली. “नका हो! पडवीत घट कच्चे आहेत. घटस्थापना आठ दिवसांवर आली.”

सिदूचा हात कुदळीवर थांबला. “महाराज, घट?”

“कोणाचे आहेत ते?”

“देवीचे.”

“मग तिची काळजी तू का वाहतोस? तिकडे म्हातारी आहे.”

सिदूने डोळे मिटून कुदळ हाणली. बांध फुटला. लोंढा अंगणात घुसला आणि गंगूने पदरात तोंड लपवले. पण मडकी विरघळून पडल्याचा आवाज काही येईना!

सिदूने डोळे उघडले. काय नवल! पाणी पडवीपाशी येऊन दुभंगले होते. घटांच्या रांगेला दोन्हीकडून वळसा घालून ते पुढे ओढ्याकडे निघाले होते. तो वाकून एकेका घटाला बोट लावू लागला. मातीवरची कोरडी धूळ बोटाला लागत होती.

गोठ्यातले पाणी उतरले, भिंत तगली. आईला माडीवर नेऊन गुणाजीराव आळीतल्या माणसांसह चिखल तुडवत आले आणि पडवीसमोर थबकले. खरे वाटेना, म्हणून त्यांनी ओंजळभर पाणी घटांकडे फेकले. ते वाऱ्याने वळवल्यासारखे बाजूला पडले. त्यांनी पुन्हा फेकले. पुन्हा तेच! तिसऱ्यांदा मात्र त्यांचा हात उठला नाही.

ते महाराजांच्या पायाशी वाकले, तसे महाराजांनी पाय मागे घेतले.

“मी फक्त सांगितलं, राव. बांध यानं फोडला. घट गेले असते, तर याच्या घरची चूलही विझली असती, तरी फोडला.”

गुणाजीराव सिदूकडे वळले. “सिदूबा, उद्या गोठा पाडतो. चर माझ्या हातानं उकरतो.”

आणि कवठाळीच्या देशमुखांनी, साऱ्या आळीदेखत, त्या चिखलात गुडघे टेकून कुंभाराच्या पायांवर डोके ठेवले.