मागच्या आसनावरचा माणूस

एकदा अंबाजोगाईच्या एका शिष्याने आपल्या वृद्ध गुरूंपुढे एक व्यावहारिक प्रश्न ठेवला. प्रश्न आत्म्याचा नव्हता, मोक्षाचाही नव्हता. साडेसहा लाखांच्या आत कोणती छोटी गाडी घ्यावी, एवढाच होता.

शिष्याचे नाव अच्युत लोमटे. वय सत्तेचाळीस. साखर कारखान्याच्या देखभाल विभागात तो नोकरीला होता. गुरू म्हणजे रेणापूरकर सर. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला त्यांनी एकतीस वर्षे शिकवले. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कोणता भाग झिजला आहे हे सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. अच्युत त्यांच्या हाताखाली दोन वर्षे शिकला होता, आणि आयुष्यातला कोणताही मोठा निर्णय त्यांना विचारल्याशिवाय घेत नसे.

गाडीची निकड त्याला होती, आणि तिचे कारण होते त्याची आई. गयाबाई आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांची धाकटी बहीण निलंग्याला राहत असे. पाच महिन्यांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणे जड झाले, उजवा हात गेला. दर गुरुवारी मावशीची सून फोन लावून द्यायची आणि मावशी अडखळत विचारायची, "आक्का, कधी येतीस?" गयाबाई म्हणायच्या, "येते गं, येते." पण जात मात्र नव्हत्या. एसटीला त्यांनी नकार दिला. अच्युतने भाड्याची जीप ठरवली, तर ऐन वेळी "माझं अंग बरं नाही" म्हणून त्या अंथरुणातच राहिल्या. अच्युतने याचा अर्थ लावला की आईला परक्या वाहनाचा त्रास होतो. आपली स्वतःची गाडी असली की ती निघेल.

हेतू शुद्ध होता, परंतु निर्णय होत नव्हता. अच्युतने तीन गाड्या निवडल्या होत्या आणि तिन्हींचा एक मोठा तक्ता तयार केला होता. मायलेज, इंजिनाची ताकद, एअरबॅग, डिकीची जागा, डॅशबोर्डवरच्या पडद्याचा आकार, टायर, पुनर्विक्रीची किंमत. असे एकूण बावीस रकाने. एका गाडीचे इंजिन सरस, तर दुसरीचे मायलेज. तिसरी दिसायला इतकी देखणी की कारखान्यातले सहकारी म्हणत, "लोमटे, डोळे मिटून हीच घ्या." दर आठवड्याला एखादा आकडा बदलायचा आणि पारडे पुन्हा हलायचे. पाच महिने असेच गेले.

अखेर एका रविवारी तो तक्ता घेऊन सरांकडे गेला. सरांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "उद्या लातूरला जाऊ. तिन्ही गाड्या पाहू."

अच्युतला हायसे वाटले. सर बॉनेट उघडतील, इंजिन ऐकतील आणि एका वाक्यात निकाल देतील, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

लातूरच्या पहिल्या शोरूममध्ये एका तरुणीने त्यांचे स्वागत केले. अच्युत अभिमानाने म्हणाला, "हे माझे सर. यांच्यापासून इंजिनाचं काही लपत नाही." तिने लगबगीने बॉनेट उघडले. सरांनी तिकडे पाहिलेसुद्धा नाही. ते गाडीला वळसा घालून गेले, मागचे दार उघडले, वाकून आत शिरले आणि दार लावून घेतले. मग त्यांनी डोळे मिटले.

एक मिनिट गेले. दोन गेली. तरुणीने अच्युतकडे पाहिले, अच्युतने फरशीकडे. थोड्या वेळाने सर बाहेर उतरले. पुन्हा आत बसले. पुन्हा उतरले. असे त्यांनी चार वेळा केले. नंतर मागच्या खिडकीची काच पूर्ण खाली घेऊन पाहिली आणि तरुणीला विचारले, "आम्हाला एक फेरी मारून आणाल? मी इथंच मागं बसतो. गतिरोधक असलेल्या रस्त्यानं न्या."

दुसऱ्या शोरूममध्ये तसेच. तिसऱ्यातही तसेच. तिथला विक्रेता तर हलक्या आवाजात अच्युतला म्हणाला, "आजोबांना बरं वाटत नाही का? पाणी आणू?" अच्युतला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्या हातांनी शेकडो इंजिने उघडली, त्या हातांनी आज एका बॉनेटलाही स्पर्श केला नव्हता. सर थकले, त्यांना आता गाड्यांतले कळेनासे झाले, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्या विचाराचीच त्याला लाज वाटली.

परतताना दोघे एसटीत बसले. रेणापूर मागे पडले तेव्हा अच्युतला राहवले नाही.

"सर, राग मानू नका. पण तुम्ही इंजिन का नाही पाहिलंत?"

"इंजिन तू पाहिलंयस. तुला ते मीच शिकवलंय. तिन्ही चांगली आहेत." सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "तुझ्या तक्त्यात बावीस रकाने आहेत, अच्युत. त्यातल्या एकातही कुण्या माणसाचं नाव नाही."

अच्युतने खिशातला तक्ता काढून पाहिला.

"निवृत्त झाल्यावर मी गाडी घेतली, तुला आठवत असेल. मी तिचं इंजिन महिनाभर पारखलं होतं. त्या पैशात त्याहून चांगलं इंजिन नव्हतं. चार वर्षं मी ती चालवली. शेजारी आमचे बंधू नाहीतर जावई बसायचे, आणि मागं आमची मंडळी, नातवाला घेऊन. ती कधी काही बोलली नाही. मी विचारायचो, गाडी कशी आहे? ती म्हणायची, चांगली आहे. मग ती गेली. तिचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा जावयांनी गाडी चालवली, आणि मी पहिल्यांदा माझ्याच गाडीत मागं बसलो."

सरांनी पुढच्या आसनाच्या दांडीवर हात टेकला.

"बैठक इतकी खोल होती की गुडघे छातीशी आले. खिडकीची काच अर्ध्यावरच अडकायची, तिची रचनाच तशी. पुढच्या आसनाच्या पाठीमुळं समोरचा रस्ता दिसत नव्हता. दिसायचं ते फक्त पुढच्याचं डोकं. तासाभरात मला मळमळायला लागलं. ती चार वर्षं त्या जागी बसली होती. तिनं तक्रार केली नाही, आणि मी ते समाधान समजलो."

समोरून एक ट्रक धूळ उडवत गेला. सरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

"वर्गात मी तुम्हाला एवढंच शिकवलं की गाडी पाहायची म्हणजे बॉनेट उघडायचं. ते शिकवणं अपुरं होतं. गाडी कुणासाठी घ्यायची, ते आधी ठरतं. आणि ज्याच्यासाठी घ्यायची, त्याच्या जागी जाऊन बसल्याशिवाय ती पाहिली असं म्हणू नये. आता आईला जाऊन विचार. मी बसून पाहिलं ते माझ्या अंगानं. तिचं अंग मला ठाऊक नाही."

अच्युत घरी पोहोचला तेव्हा गयाबाई ओसरीवर मेथी निवडत होत्या. तो त्यांच्या शेजारी खाली बसला. त्यानेही एक जुडी हातात घेतली. थोडी पाने खुडून झाल्यावर तो म्हणाला, "आई, गाडी घेतोय. तुला बसायला कशी हवी?"

"मला कशाला विचारतोस? तुला पटंल ती घे."

"तुझ्यासाठीच घेतोय. मावशीकडे जायला."

गयाबाईंचा हात थांबला. "माझ्यासाठी नको घेऊस. मला नाही जमायचं आता एवढ्या लांब."

एरवी अच्युत इथे गाडीचे गुण सांगू लागला असता. आज त्याने मेथीची पाने खुडत फक्त विचारले, "काय नाही जमत, आई?"

 आत स्वयंपाकघरात सून वैजयंता कुकर लावत होती. गयाबाईंनी एकदा आत पाहिले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "मला दर तासाला उतरावं लागतं, बाबा. साखर वाढल्यापासून असं झालंय. कुणाला सांगायचं? मागं तू आपल्या सगळ्यांना मामाच्या नातवाच्या लग्नाला नेलंस बघ, परळीच्या पुढं. जीपमध्ये वैजू सोडली तर सगळी पुरुषमाणसं. तू मोठ्यानं म्हणालास, मधे कुठंच थांबायचं नाही, एका दमात पोहोचायचं. मी आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तरी शेवटचा अर्धा तास कसा काढला ते माझं मला माहीत. घरी येऊन दोन दिवस तापानं पडले. तुम्ही म्हणालात, दगदग झाली."

अच्युतला तो प्रवास नीट आठवत होता. साडेतीन तासांचे अंतर आपण पावणेतीन तासांत कापले, हे त्याने कारखान्यात किती जणांना सांगितले होते!

"वैजूला तरी सांगायचंस."

"तिला सांगितलं असतं तर ती तुला बोलली असती, आणि तू जीप थांबवलीही असतीस. पण मग सगळे माझ्या एकटीसाठी रस्त्याच्या कडेला खोळंबले असते. नको वाटलं." त्या पुन्हा मेथी निवडू लागल्या. "रुक्मीला बघायचंय रे मला. पण तिच्या दारात ओल्या लुगड्यानं नाही उतरायचं."

रुक्मी म्हणजे निलंग्याची मावशी. पाच महिने अच्युत जे कोडे सोडवत बसला होता, ते मुळात गाडीचे नव्हतेच. जगातली कोणतीही गाडी घरी आणली असती तरी आई त्या दिवशी अंथरुणातच राहिली असती.

त्याने ते आईला बोलून दाखवले नाही. पुढच्या रविवारी मात्र त्याने वैजयंताला मोटारसायकलवर मागे बसवले आणि दोघे निलंग्याच्या वाटेला लागले. वाटेतला प्रत्येक पेट्रोल पंप, प्रत्येक मोठे हॉटेल त्यांनी पाहिले. अच्युत बाहेर थांबायचा, वैजयंता आत जाऊन स्वच्छतागृह पाहून यायची. "इथं कडी नाही." "इथं भारतीय पद्धतीचं आहे, आईंना बसता यायचं नाही." "हे स्वच्छ आहे, पाणीही आहे." एकशे दहा किलोमीटरच्या रस्त्यावर त्यांना अशी चार ठिकाणे सापडली. एका पंपावरच्या बाईंनी तर कुलूप लावलेली खोली दाखवली आणि म्हणाल्या, "आजींना आणा, मला हाक मारा, मी किल्ली देते."

त्यानंतर गाडी ठरवायला एक दिवसही लागला नाही. अच्युत भाड्याच्या जीपने आईला आणि वैजयंताला घेऊन लातूरला गेला, तेही लातूरच्या अलीकडच्या ठिकाणी थांबण्याच्या हिशेबाने. देखण्या गाडीत गयाबाईंना डोके फारच वाकवावे लागले. सरस इंजिनाच्या गाडीचा उंबरा उंच होता. एक पाय आत टाकला की दुसरा उचलेना. राहिलेली, मायलेजची गाडी साधी होती. पडदा लहान, रंगही दोनच शिल्लक. पण तिचे मागचे दार रुंद उघडत होते, बैठक खुर्चीइतकी उंच होती आणि काच पूर्ण खाली जात होती. गयाबाई आत बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "इथून रस्ता दिसतो."

कारखान्यातले सहकारी नाराज झाले. "एवढे पैसे घालून ही घेतलीत?" अच्युत नुसता हसला.

पंधरवड्याने ते निलंग्याला गेले. पहिला तास होत आला तेव्हा अच्युतने पंपावर गाडी वळवली आणि म्हणाला, "माझी कंबर धरलीय. जरा पाय मोकळे करू." वैजयंता म्हणाली, "चला आई, आपणही उतरू." गयाबाईंनी एकदा मुलाच्या पाठीकडे पाहिले आणि त्या उतरल्या. दुसऱ्या थांब्यावर अच्युतने हवा तपासायची म्हणून गाडी थांबवली. तिसऱ्या वेळी त्याने काही कारण सांगण्याआधीच मागून आवाज आला, "थांबव रे जरा."

मावशीला पलंगावर उशांच्या आधाराने बसवले होते. बहीण दारात दिसताच तिने डावा हात पुढे केला. गयाबाई तिच्याजवळ बसल्या, तिचा निर्जीव उजवा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला आणि दोघी लहानपणच्या कुठल्याशा विहिरीबद्दल बोलत राहिल्या. मावशीचे अर्धे शब्द कुणालाच कळत नव्हते. गयाबाईंना कळत होते. त्या दुपारी दोघी तीन तास तशाच बसल्या होत्या. पावसाळ्याआधी आणखी दोनदा ही भेट झाली. आषाढात मावशी गेली.

तिचे दिवस झाल्यावर अच्युत सरांकडे गेला आणि घडले ते सगळे त्याने सांगितले. आईची अडचण सांगताना तो अडखळला, पण काही लपवले नाही. सर ऐकत होते. त्याचे बोलणे संपल्यावर त्यांनी विचारले, "हे तिनं स्वतःहून सांगितलं?"

"नाही सर. मी विचारलं. दोनदा विचारावं लागलं."

सर अंगणातल्या तुळशीकडे पाहू लागले. मग म्हणाले, "मी आपला बैठक, खिडकी, दार हेच धरून बसलो होतो. आमच्या मंडळीला काय होत होतं, कोण जाणे. मी बसून पाहिलं, तेही ती गेल्यावर. तू आई असताना विचारलंस."

 अच्युत उठला नाही. गुरू आणि शिष्य दिवेलागणीपर्यंत तिथेच बसून होते.