चावडीत ओतलेली घागर

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे कुणाला नवं बांधकाम करायचं असेल, तर पंच त्या जागेवर जाऊन घागरभर पाणी ओतत. पाणी ज्याच्या दाराकडे वाहील, त्याचा होकार मिळाल्याशिवाय पाया खणायचा नाही, अशी रीत होती.

पंचांनी रीत मोडली, तर दाद मागायला राजाचा तपासनीस होता. माणूस सचोटीचा. कुणाच्या घरचा गुळाचा खडाही तो तोंडात टाकत नसे, आणि याचा त्याला भारी अभिमान होता.

एका उन्हाळ्यात एका व्यापाऱ्याने चढावर दगडी कोठार बांधायची परवानगी मागितली. पंचांना चढ चढायचा कंटाळा आला. त्यांनी चावडीच्याच अंगणात घागर ओतली. पाणी रस्त्यावर गेलं. रस्ता थोडाच तक्रार करणार? परवानगी मिळाली.

चढाखाली एक म्हातारी आपल्या नातीसोबत राहायची. ती भर उन्हात पायपीट करत तपासनिसाकडे गेली. तो गावात आला आणि चावडीच्या सावलीत बसला.

“घागर ओतली?” त्याने पंचांना विचारलं.

“ओतली.”

“लोकांसमोर?”

“सगळ्या गावासमोर.”

“अवो, कुठं वतली ते इचारा की!” म्हातारी कळवळून म्हणाली. “एकडाव वर चला. पाणी माज्या दारात येतंय.”

तपासनिसाने वर पाहिलं. चढ उभा होता, ऊन रणरणत होतं.

“आजी, रीत पाळली गेली आहे,” तो म्हणाला.

ऊन होतं, खोटं कशाला बोला? पण म्हातारीही त्याच उन्हातून आली होती.

कोठार उभं राहिलं. आषाढात डोंगरावरचं पाणी त्याच्या भिंतीला अडलं, वळलं आणि म्हातारीच्या झोपडीत घुसलं. नात वाहून गेली.

पाऊस उघडल्यावर तपासनीस धावत आला. चिखलात पडलेली म्हातारीची घागर त्याने उचलली, भरली, चढ चढला आणि भिंतीपाशी ओतली. पाणी सरळ खाली, झोपडीचा उंबरा होता तिथे गेलं.

“आता कशाला वतताय, बाबा?” म्हातारी म्हणाली. “आता तितं कोण हाय?”

त्याने घागर तिच्यापुढे ठेवली आणि राजाकडे जाऊन आपली चूक सांगितली.

राजाने कोठार पाडलं, पंचांना घरी बसवलं, तपासनिसाचं पद काढून घेतलं. म्हातारीला त्यातलं काहीच नको होतं.

बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, ध्यानात ठेवा: दुसऱ्यांची चूक पकडायला नेमलेल्या माणसानेच ती चूक केली, तर दाद मागायला पुढे दार उरत नाही.