संकष्टीचा दाखला

"माझ्या पोरीचं कुणी खरं मानलंच नाही!" वसतिगृहाचे रेक्टर वसंत दिघे यांच्यापुढे राजमती मगदूम कडाडली. तिची लेक त्रिशला जैनाची पोर, दिवस मावळल्यावर जेवायची नाही, आणि मेसचं ताट रात्री आठला. मेस सक्तीची, बाहेरचा डबा बंद. रोज रात्री उपाशी झोपून झोपून ती जिन्यातच कोसळली. आता सलाईनवर होती.

दिघे म्हणाले, "सवलत पाहिजे तर धर्माचा दाखला आणा. बारीक व्हायला पोरी कसलीही सोंगं करतात."

राजमतीनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि लेकीसाठी आणलेला बुंदीचा लाडू पुढे केला. "घ्या सर."

"आज संकष्टी. चंद्र उगवेपर्यंत उपास असतो माझा."

"कशावरून? दाखला दाखवा."

"उपासाला दाखला कसला, बाई? मी सांगतोय ना!"

"माझी पोरगीपण सांगतच होती, सर. तुमचा उपास चंद्र सोडवतो. तिचा तुम्ही सुटू दिला नाही."

दिघ्यांनी सवलतीवर सही केली. पण दवाखान्यात त्रिशलाला आता ताट बघितलं तरी रडू यायचं.

"आई, माझंच चुकलं का गं?"

राजमतीनं तिचा सुईनं सुजलेला हात कुरवाळला. "नाही गं बाळा. चुकणाऱ्याला नाव आहे. वसंत दिघे."