फलक मोजणारं जंगल

नदीअलीकडच्या जंगलात शेवंता नावाची सायाळ राहत होती. लेकीला, सोनकीला, पलीकडच्या जंगलात शिकायला धाडलं तर काय काय पदरात पडेल, हे तिनं नीट जोखलं होतं: पोरीला पक्की नोकरी, स्वतःला कोरडं बीळ आणि शेजारणींच्या तोंडी ‘अगं शेवंते’ऐवजी ‘शेवंताबाई’. तिनं राहतं बीळ तरसशेठकडे गहाण टाकलं. तरस हसला, पण तो कशालाही हसतो.

या जंगलात पोर नदी ओलांडायच्या आधीच चौकात अभिनंदनाचा फलक लागे. फलकावर पोर अंगठ्याएवढं, वाघमहाराज त्याच्या दसपट. सोनकीचा फलक लागला आणि दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या अस्वलांनी घाट बंद केला. अस्वलं म्हणाली, आमच्याच पिल्लांना जागा पुरेना.

“मग फलक उतरवू का?” शेवंतानं शिक्षणमंत्री कोल्ह्याला विचारलं.

“बाई, लोक काय म्हणतील? चार दिवस पोरीला आत ठेवा. घाट उघडेलच.”

सोनकी बिळात बसली. अशी घरोघरची पोरं बसली. कोल्हा मात्र परदेशी गेलेल्यांची संख्या काढायला नदीवर जात नसे; चौकात जाऊन फलक मोजी. संख्या वाढतच गेली. वाघ सभेत म्हणाला, “बंधू-भगिनींनो, आज सगळं जग आपल्या बुद्धीवर चाललं आहे.” टाळ्या पडल्या. मग परदेशी राहणाऱ्यांना इथला शिधा कशाला, म्हणून सोनकीचं धान्य बंद झालं.

“आई, मी इथंच आहे हे सांग की त्यांना.”

“हळू बोल गं. तू परदेशात आहेस.”

निवडणूक आली. माकडं विचारू लागली, हुशार पोरं जंगल सोडून का जातात? वाघानं तासाभरात सगळे फलक उतरवायला लावले. कोल्ह्यानं चौकात जाऊन मोजलं आणि जाहीर केलं, “बाहेर एकही पोर उरलं नाही. मातीच्या ओढीनं सगळी परतली.” आईबापांकडून वर्गणी काढून स्वागत समारंभ झाला.

“परत का आलीस, बाळ?” वाघानं सोनकीला विचारलं.

“मी गेलेच नव्हते, महाराज.”

“ऐकलंत?” वाघानं डोळे पुसले. “पोर म्हणते, मन इथून हललंच नव्हतं.”

हप्ते थकले, बीळ तरसाकडे गेलं. जाण्याचं कर्ज शेवंताच्या डोक्यावर, येण्याची वर्गणी शेवंताची. वाघाला भरघोस मतं पडली. त्यातलं एक शेवंताचं होतं. काही म्हणा, पोर परत आणली त्यानं.